एस्टिमेट एकाहत्तर हजारांचं, गाडी एक लाखाची

प्रश्न : ताई, माझी वॅगन आर पेट्रोल जून २०१२ची आहे. एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर झालेत. मी बँकेतून निवृत्त झालो, बोरिवलीत राहतो. गाडी रोजच्या बारीकसारीक कामांना, आठवड्यातून एकदा विरारला बहिणीकडे आणि गणपतीत गुहागरला जाते. परवा सर्व्हिसला दिली, तर व्हॉट्सॲपवर हे एस्टिमेट आलं : पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर माउंटसह १३,२००, दोन्ही लोअर आर्म ६,८००, क्लच सेट ८,९००, पुढच्या डिस्क आणि पॅड ७,४००, टायमिंग चेन किट १४,६००, डीकार्बोनायझिंग आणि इंजिन फ्लश ४,९००, अंडरबॉडी कोटिंग ४,५००, टॅपेट कव्हर पॅकिंग १,८००, इंजिन माउंटिंग ३,९००, एसी डिसइन्फेक्शन १,५००, रेडिएटर होज आणि कूलंट ३,३००, ब्रेक ऑइल ९००. एकूण ७१,७०० रुपये. माझ्या स्वतःच्या तक्रारी दोनच आहेत. स्पीडब्रेकरवर पुढून खट्ट आवाज येतो आणि जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. जुन्या गाड्यांचा एक एजंट एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, लाखाच्या गाडीवर सत्तर हजार कोण घालतं, विकून मोकळे व्हा. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : काका, तुमचं पत्र आणि सोबत पाठवलेले सर्व्हिस बुकाचे फोटो नीट पाहिले. इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदललेलं आहे, एकही सर्व्हिस चुकलेली नाही. या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच, आणि एजंट तिचा एक रुपयाही धरत नाही.

मुलाचं म्हणणं पुष्कळांना पटतं, म्हणून आधी त्याचंच बघू. गाडीला बाजारात किती येतात त्यावरून दुरुस्तीचा खर्च ठरवणं हा विकणाऱ्याचा हिशोब झाला. तुम्हाला गाडी वापरायची आहे. एजंटचे एक लाख दहा हजार आणि हे सत्तर हजार एकत्र करून बाजारात गेलात, तर दुसऱ्या कुणाची तरी जुनीच गाडी पदरात पडेल. तिचं ऑइल कधी बदललं, ती कुठल्या पावसात पाण्यात उभी होती, मीटर मागे फिरवलाय का, यातलं काहीच तुम्हाला माहीत नसणार. आत्ताच्या गाडीचं सगळं माहीत आहे. म्हणून विचारायचं ते एवढंच : पुढची काही वर्षं ही गाडी निर्धास्त चालवायला आज काय करणं भाग आहे?

‘काही वर्षं’ म्हणजे किती, तेही ठरवा. जून २०२७ मध्ये तुमच्या नोंदणीची १५ वर्षं पुरी होतील. आपल्याकडे तेवढ्यावरून खासगी पेट्रोल गाडी आपोआप बाद होत नाही. आरटीओत तपासणी करून नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. जून २०२७पर्यंतच चालवायची असेल तर काही कामं पुढे ढकलता येतात. पाच वर्षं आणखी वापरायची असेल तर तीच कामं करून घेण्यात अर्थ आहे. तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमचा जीव गाडीत आहे आणि ती तुम्ही पुढेही ठेवाल. मी तसंच धरून लिहिते.

आता यादी. आमच्या भांडुपच्या गॅरेजात असं एस्टिमेट घेऊन कुणी आलं की मी प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावते : हे केलं नाही आणि रस्त्यात गेलं, तर काय होईल? काही गोष्टी गेल्या तर माणूस जातो. काही गेल्या तर इंजिन जातं. काही गेल्या तर टो करून आणावी लागते, मनस्ताप होतो, पण नुकसान तेवढंच. आणि काहींनी फक्त आवाज येतो. तुमच्या एस्टिमेटमध्ये या चारही जातींची कामं एकाच रांगेत आणि एकाच ठसठशीत अक्षरात छापली आहेत. खरी अडचण ती आहे.

ब्रेकपासून सुरू करू. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं म्हणजे बहुतेक डिस्क एकसारखी राहिलेली नाही. प्रत्येक डिस्कवर तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते. मेकॅनिकला व्हर्निअरने मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे स्वतः बघा. जाडी शिल्लक असेल तर डिस्क लेथवर टर्न करून, म्हणजे घासून एकसारखी करून घेता येते, नवीनच घालायला हवी असं नाही. कमीत कमी जाडीच्या आसपास आली असेल तर मात्र घासाघीस न करता बदला. पॅडचं अस्तर तीन मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर तेही बदला. चाकं उतरलेलीच आहेत तर मागचे ड्रमही उघडून लायनर बघायला सांगा. एस्टिमेटमध्ये मागच्या ब्रेकचा उल्लेखच नाही, ते मला खटकलं.

ब्रेक ऑइलचे नऊशे रुपये यादीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि मुंबईच्या हवेत ओल बाराही महिने आहे. पाणी मिसळलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू खाली येतो. बोरिवली ते विरार काही जाणवणार नाही. पण चौघं माणसं, सामान आणि मखर घेऊन परशुराम घाट उतरताना ब्रेक तापले, आत वाफ झाली, की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी ते बदलायचंच, मग गाडी चालो न चालो.

स्पीडब्रेकरवरचा खट्ट आवाज. इथे तुम्ही स्वतः गॅरेजला जा आणि गाडी रॅम्पवर असताना बघा, फोनवर ‘हो’ म्हणू नका. चाक अधांतरी असताना मेकॅनिक एक हात चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी ठेवून ते आतबाहेर हलवेल. घड्याळाच्या भाषेत बारा आणि सहाच्या जागी. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर लोअर आर्मच्या, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या, बॉल जॉइंटला (टोकाच्या गोल सांध्याला) बोट लावून बघा, तिथे टकटक हाताला लागते. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं. तिथला खेळ चाक वळवणाऱ्या भागांचा, म्हणजे टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग रॅकचा. शेवटी आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, टॉमी (लोखंडी दांडा) घालून रेटायचं. रबर फाटलेलं असेल तर चीर उघडते, डोळ्यांना दिसते. या सगळ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि जे गॅरेज हे दाखवायला तयार नसेल तिथे काम करायचं नाही.

बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर लोअर आर्म आजच्या आज. तो निखळला की चाक आडवं पडतं आणि गाडी तिथेच बसते. वेग असेल तर काय होईल ते सांगायला नको. नुसतं बुश गेलं असेल तर इतकी घाई नाही, पण टायर वाकडे झिजतात, तेव्हा तेही लवकर उरका. आर्म बदलले की व्हील अलाइनमेंट करावीच लागते, ती एस्टिमेटमध्ये धरली आहे का तेवढं विचारा.

शॉकॲबचं थांबा. तेरा हजारांची ओळ आहे, आणि खट्ट आवाजाचं खापर नेहमी त्यांच्यावर फुटतं. शॉकॲबवर धूळ धरलेला ओलसर पट्टा दिसला तर तो वयाचा भाग आहे. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, पुढचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, टायर ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला असेल, तर ते गेले. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. आधी आर्म बदला आणि त्याच रस्त्यावरून गाडी चालवून बघा. आवाज राहिलाच तर वरचं माउंट तपासा. नुसतं माउंट गेलेलं निघालं तरी त्यासाठी शॉकॲब उतरवावाच लागतो. तेव्हा मात्र त्याच मजुरीत दोन्ही बदलणं शहाणपणाचं.

क्लचबद्दल तुमची काहीच तक्रार नाही. मग कशाला बदलायचा? ‘दीड लाख झाले’ हे क्लच बदलायचं कारण होत नाही. एखाद्या मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक पक्का ओढा, इंजिन चालू ठेवून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच पकडतोय. घरघरत चालूच राहिलं तर प्लेट संपली. हे एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. दुसरी खूण फ्लायओव्हरच्या चढावर मिळते : ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो आणि वेग तिथेच राहतो. क्लच बोलून जातो, रस्त्यात एकाएकी दगा क्वचितच देतो. बोलायला लागेल तेव्हा बदला, आणि गिअरबॉक्स उतरवलेलाच असेल तर मागचं क्रँक ऑइल सीलही त्याच वेळी बघून घ्या. पुन्हा त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायचा तर मजुरी दुप्पट.

टायमिंग चेनचे चौदा हजार सहाशे मला सगळ्यात जास्त खुपले. तुमच्या के-सीरिज इंजिनमध्ये झडपा वेळेवर उघडाव्यात म्हणून लोखंडी साखळी आहे. तिला रबरी पट्ट्यासारखी ठरावीक अंतराला बदलायची वेळ नसते. ऑइल वेळेवर बदललं की ती इंजिनाबरोबर चालते. साखळी सैल झाली तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. तुमच्या गाडीत दोन्ही नाही. ही ओळ खोडा.

फ्लश आणि डीकार्बोनायझिंगही खोडा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. धातू मधासारखा तपकिरी दिसत असेल तर इंजिन आतून स्वच्छ आहे. काळा चिकट गाळ दिसला तर जुन्या इंजिनात फ्लशने तो एकदम सुटून ऑइलची जाळी तुंबायची भीती, म्हणजे तेव्हाही नकोच. आणि तुमच्या इंजिनात पेट्रोल झडपांच्या मागच्या बाजूने फवारलं जातं, त्यामुळे त्या धुतल्याच जातात. पिकअप, ॲव्हरेज ठीक असताना पैसे देऊन कार्बन काढायचं कारण नाही. एसी डिसइन्फेक्शनऐवजी केबिन फिल्टर बघा. गाडीत असेल तर बदला, कुबट वास बहुतेक त्यानेच जातो. अंडरबॉडी कोटिंगही नको, कारण खाली वरळीच्या उत्तरात लिहिलंय.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग पाझरत असेल तर ते कापडाने पुसा आणि महिन्याने बघा. नुसता ओलसरपणा असेल तर चालू द्या. तेल प्लगच्या खड्ड्यात उतरत असेल किंवा गरम एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, तर अठराशे रुपये लगेच घाला. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर टेकतं ती, हा सोईचा मामला आहे. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला थोडं थरथरतंच. सहन होतंय तोवर राहू द्या.

रेडिएटर होज आणि कूलंटचे तेहतीसशे मात्र द्या. चौदा वर्षांचं रबर आहे. थंड गाडीत होज दाबून बघा, क्लिपजवळ बारीक भेगा दिसतात किंवा तो भाग फुगलेला असतो. होज दहिसरच्या ट्रॅफिकमध्ये फुटला आणि काटा वर गेलेला दिसला नाही, तर ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तापून वाकतं, त्याखालचं पॅकिंग (हेड गॅस्केट) जातं. तेव्हा जो खर्च येतो तो हे सगळं एस्टिमेट खाऊन टाकेल. कूलंट कमी झाल्यावर नळाचं पाणी टाकायची सवय असेल तर ती सोडा. एसी चालू करून उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा फिरतो का, तेही कान देऊन ऐका. मुंबईत गाडी जास्तीत जास्त वेळ उभ्याउभ्याच तापते.

म्हणजे डिस्क-पॅड, ब्रेक ऑइल, लोअर आर्म, होज आणि कूलंट. तुमच्याच आकड्यांनी १८,४०० रुपये, वर अलाइनमेंट. डिस्क टर्न होऊन भागली तर त्याहून कमी.

आता यादीत नसलेल्या गोष्टी, कारण मला त्यांची जास्त काळजी वाटते. टायर बघा. टायरच्या बाजूला डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३४१८ असतील तर तो २०१८च्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कायद्याप्रमाणे १.६ मिलिमीटर असायला हवी, पण निवृत्तीनंतर कमी फिरणाऱ्या गाडीत नक्षी शाबूत असते आणि रबर वयाने कडक झालेलं असतं. बाजूला बारीक चिरा असतील तर गणपतीआधी बदला. मग ॲक्सल बूट, म्हणजे ॲक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटलाय. बूट स्वस्त असतो. फाटका ठेवून एक पावसाळा गेला की पाणी शिरून जॉइंट खातो, वळताना कटकट सुरू होते, आणि मग पूर्ण ॲक्सलचा खर्च.

शेवटचं, एवढे पैसे घालण्याआधी इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते बघा. तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरमध्ये गेज लावायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि आकडा लिहायचा. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असले, साधारण दहा टक्क्यांच्या आत, की इंजिन अजून पुष्कळ चालेल. एखादा खूप खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्यायचा. आकडा चढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर झडप किंवा गॅस्केट. तो निकाल वाईट आला तर मुलाचं ऐका. तुमच्या सर्व्हिस बुकाकडे बघून मला तसं होईलसं वाटत नाही.

काम देताना जॉब कार्डावर लिहून घ्या, ‘जुने पार्ट परत द्यावेत’. आणि पार्ट बाहेरून आणायचे झाले तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना आरसा, दाराचं हँडल, काचेची मोटर खुशाल बघा. ब्रेक, स्टिअरिंग आणि आर्म जुने कधीही घेऊ नका, कितीही चकचकीत करून ठेवलेले असले तरी.

प्रश्न : माझ्याकडे २०१०ची आय-टेन आहे, १.१ लिटरची. बाबांची गाडी, आता मी ऑफिसला वापरते. नुकतीच पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. ९६,००० किलोमीटर झालेत. मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट बदला. ऑफिसातला मित्र म्हणतो, आवाज येत नाही ना, मग राहू दे. बेल्ट आधी कधी बदललाय का ते बाबांनाही आठवत नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर : बदल, आणि या आठवड्यात बदल. वरच्या उत्तरात मी काकांना टायमिंग चेन खोडायला सांगितली, तुला उलट सांगतेय, कारण तुझ्या १.१ लिटरच्या इंजिनात साखळी नसून रबरी पट्टा आहे. त्याच आय-टेनच्या १.२ कप्पा इंजिनात साखळी आहे, त्यामुळे मित्राने कदाचित ती गाडी डोळ्यांसमोर ठेवून सांगितलं असेल.

पट्टा तुटण्याआधी आवाज करेल याची काही खात्री नसते. दात झिजतात, रबराला चिरा पडतात, आणि एके दिवशी तो तुटतो. तुटला की पिस्टन वर येतो तेव्हा झडपा उघड्याच राहतात, दोघांची टक्कर होते, झडपा वाकतात. मग हेड उतरवून झडपा बदलायचा खर्च बेल्टच्या कितीतरी पट. आणि हे होताना गाडी कुठे असेल सांगता येत नाही. ईस्टर्न फ्रीवेवर मधल्या लेनमध्ये इंजिन एकाएकी बंद पडलं तर पैशांचा हिशोब नंतरचा.

बेल्टला अंतराची जशी मर्यादा असते, तशी वर्षांचीही असते. बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. जुन्या गाडीच्या बाबतीत हा माझा पक्का नियम आहे. बेल्टबरोबर त्याला ताणून आणि सरळ धरणारे टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग बदलून घे, वॉटर पंपही. पंप त्याच कव्हरच्या मागे असतो. आज वाचवलास आणि सहा महिन्यांनी गळायला लागला, तर हीच सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागेल. समोरच्या बाजूचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही, कारण तेल लागलं की नवा बेल्टसुद्धा लवकर खराब होतो. काम झालं की पावती आणि किलोमीटरचा आकडा गाडीतल्या फाइलीत लाव, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला आठवावं लागणार नाही.

नोंदणी वाढवून घेतलीस ते छान केलंस. बाबांनी गाडी जपलेली दिसते.

प्रश्न : वरळीला समुद्रासमोरच्या सोसायटीत उघड्यावर गाडी उभी असते. २००९ची सेडान, इंजिन उत्तम, एसी उत्तम. पायाखालच्या मॅटखाली पत्रा गंजून भोक पडलंय. एक जण पंधरा हजारांत पत्रा मारून वर कोटिंग करून देतो म्हणाला. करू का?
— एक वाचक, वरळी

उत्तर : भोक कुठे आहे त्यावर सगळं आहे. गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागा टोचून बघा. फक्त पायाखालच्या सपाट पत्र्याला भोक असेल आणि कडेचा पत्रा टणक असेल, तर गंजकी जागा कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. रबरी बुचं आणि नाल्या साफ करून घ्या, नाहीतर आतलं पाणी पुन्हा तिथेच साचेल. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात. पावसाळ्याआधी तार घालून मोकळी करा.

पण टोक कुठल्या जागी आत शिरतं ते नीट बघा. दारांखालची लांब पेटी, पुढचे-मागचे चॅसिस मेंबर (गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्याच्या तुळया), आणि लोअर आर्म किंवा मागचं सस्पेन्शन जिथे बोल्टने बांधलेलं असतं तो पत्रा, यातल्या एकाही जागी स्क्रूड्रायव्हर घुसला तर पंधरा हजार काय, पंधराशेसुद्धा घालू नका. त्या जागांवर अपघातात गाडीचा सगळा जोर येतो. वरून पत्रा चिकटवला तर तो वेल्डच्या कडेने पुन्हा गंजतो, आणि वरची जाड काळी कोटिंग ओल आत कोंडून ठेवते. वरून गुळगुळीत दिसतं, आत पत्र्याची राख होत असते. काकांच्या एस्टिमेटमधल्या साडेचार हजारांच्या कोटिंगला माझा विरोध याच कारणाने आहे. गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग कधी मारायचं नसतं. आधी पत्रा घासून, गंज काढून, प्रायमर लावायचा, मग त्यावर.

तुमचं इंजिन उत्तम आहे याचं वाईट वाटणं साहजिक आहे. मलाही वाटतं. खणखणीत इंजिन असलेली गाडी भंगारात पाठवायला कुणालाच आवडत नाही. पण इंजिन बदलता येतं, चॅसिस बदलता येत नाही.

मुख्य भाग गंजले असतील तर गाडी एजंटला विकू नका. तो वरून रंग मारून दुसऱ्या कुणाला तरी खपवेल, आणि त्या घरातली मुलं तिच्यात बसतील. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे गाडी घेतल्यावर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं. ते नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कातून सूट मिळवायला उपयोगी पडतं, म्हणून जपून ठेवा. त्याच्या आधारे आरटीओत जुनी नोंदणी रद्द झाली की नाही, याची खातरजमा स्वतः करा. नोंदणी तुमच्या नावावर जिवंत राहिली तर पुढे त्या नंबरावर जे होईल त्याचे कागद तुमच्याच दारी येतील. तोवर गाडी सोसायटीतच उभी ठेवा. ती चालवत केंद्रापर्यंत नेऊ नका, टो करून पाठवा.